पंचाण्णाचा गवा

आमच्या तिरंदाज मंडळातला सगळ्यात मोठा शिकारी कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळं झाकून पंचाण्णाचं नाव सांगतो. लोक हसत्यात. हसू द्यात. ज्या माणसानं उभ्या जल्मात मुंगी मारली न्हाय, गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय चहाचा घोट घेतला न्हाय, आणि अंडा-बुर्जीची गाडी दिसली की जो रस्ता बदलून जायचा, तो शिकारी कसा काय, असं त्यास्नी वाटतंय. त्यास्नी काय कळतंय डोंबल! रविवारी सकाळी त्या गोदामात मांडी घालून अण्णाच्या तोंडनं सांबर पाण्यावर येतानाचं त्यांनी कधी ऐकलंय का?

मी कृष्णात. शाहूपुरीत माझा फोटो स्टुडिओ हाय. लगनाचे, बारशाचे, पोरांच्या शाळेचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातला एकबी फोटो मला आता डोळ्यांपुढं येत न्हाय. मंडळाच्या भिंतीवरचे मात्र सगळे येत्यात, अगदी क्रमानं.

पंचाण्णा म्हंजे पंचाक्षरी. बारदानाचा व्यापारी. गुळाची, साखरेची, शेंगांची रिकामी पोती घ्यायची, फाटली असतील ती दाभणानं आणि सुतळीनं शिवायची आणि परत विकायची, हा त्याचा धंदा. मार्केट यार्डाच्या मागं त्याचं लांबलचक पत्र्याचं गोदाम व्हतं. पत्र्याला बारीक बारीक भोकं. सकाळी त्या भोकातनं उन्हाच्या काठ्या खाली उतरायच्या आणि त्यात तागाची धूळ तरंगत ऱ्हायची. आत पाऊल टाकलं की बाहेरचा ट्रकचा भोंगा, हमालांची शिवीगाळ, सगळं कुठंतरी लांब जायचं. मला तर तिथं बसल्या बसल्या झोप आल्यासारखं व्हायचं, पण जाग्या माणसाची झोप.

नव्वद सालच्या आसपास आम्ही चार-दोन हौशी माणसं त्या गोदामात बांबूच्या धनुष्यानं बाण मारायला लागलो. एका टोकाला भरलेलं पोतं, त्यावर खडूनं गोल. सयाजी आमच्यातला पक्का नेमबाज. तो एका फौंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, करायचा, त्यामुळं नजर सुतात. तो मारायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो, चहा प्यायचो आणि घरी. अण्णा कधी धनुष्याला हात लावायचा न्हाय. थप्पीवर बसून पोती शिवत बघायचा.

एका रविवारी म्हणाला, "गोल काय मारताय रे? गोल कुठं पळून जातोय व्हय?"

पुढच्या रविवारी गेलो तर गोलाच्या जागी रानडुक्कर उभं. पोत्याचं कातडं, आत उसाचं पाचट ठासून भरलेलं, पाठीवर काथ्याचे उभे केस. सयाजी दारातच थबकला. "आयला अण्णा," म्हणाला, "हे माझ्याकडंच बघतंय की!"

त्या दिवसापास्नं मंडळाचं रूपच बदललं. आमच्या पेठेत जुनी म्हातारी माणसं राजाच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी सांगत बसायची. त्या ऐकून ऐकून आमच्या डोक्यात जंगल व्हतंच. पण खरी शिकार करायला बंदी, आणि बंदी हाय ते बरंच. आमच्यातल्या निम्म्यास्नी कोंबडी कापताना बघून चक्कर येत्या. मग आम्ही आमचीच रीत पाडली. ज्याचा बाण जनावराच्या वर्मी बसंल त्याचा त्या जनावराशेजारी फोटो काढायचा. तो मी काढायचो. पुढच्या रविवारी फोटो धुऊन आणला की त्या माणसानं शिकारीची गोष्ट सांगायची, खऱ्या रानातली, खऱ्या शिकारीसारखी. आणि ऐकणाऱ्यांनी वाक्यावाक्याला "व्हय" म्हणायचं. सगळ्यांचा शेवटचा व्हय आला की फोटो भिंतीवर. एकाचाबी राहिला तर फोटो परत खिशात. आणि एकदा भिंतीवर गेलेल्या शिकारीला खोटी म्हणायचं न्हाय, पाचट हा शब्दसुदीक गोदामात काढायचा न्हाय.

आता गंमत अशी की आमच्या लोकास्नी बाण मारता यायचा, गोष्ट सांगता यायची न्हाय. सयाजी उभा राहून म्हणायचा, "सांबर आलं. मी मारलं. पडलं." झालं! यावर कोण व्हय म्हणणार? मग अण्णा दाभण बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "थांब. तुझी मी सांगतो."

"सयाजी झऱ्याच्या वरल्या अंगाला बसलाय."

"व्हय."

"धुकं अजून झाडावरनं उतरलेलं न्हाय. हाताची बोटं गार पडल्यात. त्याला वाटतंय, आपण हितं कालपास्नं हाय का लहानपणापास्नं?"

"व्हय."

"मग पाण्यात शिंगं दिसली. सांबर न्हाय, आधी नुस्ती शिंगं, पाण्यातली. मग पाणी हाललं आणि शिंगं मोडली. मग परत जुळली."

"व्हय," आम्ही म्हणायचो, आणि आमचा आवाज आपोआप बारीक झालेला असायचा.

"सयाजीनं दोरी कानापातूर ओढली. सांबरानं मान वर केली. दोघंबी एकमेकाला बघत्यात. आणि बाण सुटला."

इथं अण्णा थांबायचा. त्याच्या कुठल्याच गोष्टीत जनावर मेलं न्हाय. बाण सुटायचा आणि गोष्ट संपायची. पुढं काय झालं, असं कुणी कधी विचारलं न्हाय. सयाजी तर स्वतःचीच शिकार तोंड उघडं टाकून ऐकायचा, आणि घरी जाऊन बायकोला सांगताना म्हणे त्याच्या अंगावर काटा यायचा.

अशानं भिंत भरत गेली. डुकरं, सांबरं, भेकरं, एक अस्वल. सगळ्यांचे फोटो भिंतीवर, अण्णाचा न्हाय. तो बाणच मारायचा न्हाय. म्हणायचा, "मीच शिवायचं आणि मीच मारायचं, हे काय बरं दिसतंय का?"

पण अण्णाच्या मनात एक जनावर व्हतं. गवा. राधानगरीच्या पुढं दाजीपूरच्या रानात गवे असत्यात हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं. अण्णाला आयुष्यात एकदा गवा बघायचा व्हता. मारायचा न्हाय, फोटो न्हाय, नुस्ता बघायचा. दरसाल उन्हाळ्यात तो एसटीनं दाजीपूरला जायचा, भाकरी-चटणी बांधून. आणि दरसाल तिथला राखणदार सांगायचा, "पावणं, आत्ताच गेला की हितनं!" एकदा तर अण्णा गव्याच्या शेणावर हात ठेवून आला. ऊन व्हतं म्हणाला. ते सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि सयाजी हसाय लागला तर मी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. माणसाला शेणावर समाधान मानाय लागतंय आणि हे हसतंय!

शेवटी अण्णानं एका पावसाळ्यात गवा शिवायला घेतला. राखणदाराला विचारून, जुनी कॅलेंडरं बघून. किती पोती लागली ते त्यालाच ठावं. काजळी आणि तेल चोळून अंग काळं केलं, गुडघ्याखाली चुना लावून पांढरे मोजे घातले. शिंगं सयाजीनं लाकडात कोरून दिली. डोळ्याला मी माझ्या मोडक्या कॅमेऱ्यांची दोन भिंगं दिली, मागं काळा कागद लावून. अण्णाची पोरगी भूमिका आठवडाभर बापाशेजारी बसून वशिंड शिवत व्हती. गवा उभा राहिला तवा सगळे दोन पावलं मागं सरले. उन्हाची काठी त्याच्या डोळ्यावर पडली की तो डोळा हालल्यासारखा वाटायचा.

सगळ्यांनी हट्ट धरला की पहिला बाण अण्णानंच मारायचा. न्हाय न्हाय म्हणत त्यानं धनुष्य घेतलं, डोळे मिटले आणि सोडला. खांद्याच्या मागं, बरोबर वर्मी! मी फोटो काढला. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात धनुष्य, आणि शेजारी बाण लागलेला काळा डोंगर. माझ्या हातनं निघालेला सगळ्यात देखणा फोटो म्हणाल तर तो.

पुढच्या रविवारी आम्ही व्हय म्हणायला तयार होऊन बसलो. अण्णानं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "न्हाय जमत."

"का रे?"

"बाकीची तुमची व्हती, तुमच्या वतीनं सांगितली. गवा माझा हाय. दिसल्याशिवाय त्याची गोष्ट कशी सांगू? लबाडी हुईल."

घ्या! आयुष्यभर न झालेल्या शिकारी रंगवल्या त्या लबाडी न्हाईत, आणि हीच तेवढी लबाडी! पण त्याच्या तोंडाकडं बघून कुणी वाद घातला न्हाय. रीत म्हंजे रीत. गोष्ट न्हाय म्हणून फोटो भिंतीवर गेला न्हाय.

तिथंच सगळा घोळ झाला. फोटो भिंतीवर असता तर आतच राहिला असता. खंडेनवमीला आम्ही गोदामाच्या दारात पाट मांडून धनुष्यबाणांची पूजा करायचो. सयाजीला वाटलं, एवढा देखणा फोटो कपाटात कशाला पडून ऱ्हावा? त्यानं तो पाटावर मधोमध ठेवला, वर झेंडूचं फूल. आणि नेमका त्याच दिवशी यार्डात गडहिंग्लजकडचा एक पावणा आलता. भूमिकाचं लगीन तिकडं ठरलं व्हतं, गडहिंग्लजच्या पुढं आजऱ्याच्या अंगाला, चांगल्या शेतकरी लिंगायत घरात. पोराचं नाव शिवकुमार. आलेला पावणा त्याचा चुलता. फोटो बघितला, इकडं तिकडं बघितलं, आणि झेंडूचं फूल बाजूला करून फोटो खिशात घातला.

चार दिवसात निरोप आला. गळ्यात लिंग आणि हातात बाण असल्या घरात आमास्नी सोयरीक करायची न्हाय.

भूमिका घरात शिरून पोत्यांची सुतळी गुंडाळत बसली, गुंडाळलेली सोडायची आणि परत गुंडाळायची. तिला शिवकुमार पसंत व्हता हे तिच्या आईला ठावं. आई म्हंजे महादेवी अक्का. अक्काचा आवाज मार्केट यार्डाच्या कमानीपातूर ऐकू यायचा. "माणसं दारू पित्यात, पत्ते खेळत्यात, त्याचं औषध तरी असतंय! ह्यांनी पाचटाच्या जनावरापायी पोरीचं वाटोळं केलं! जावा आता, गव्यालाच जावाय करून घ्या!"

अण्णानं निरोप धाडला, गवा पाचटाचा हाय, पोत्याचा हाय. तिकडनं उत्तर आलं, आम्ही शेतकरी हाय, जनावर कुठलं आणि पोतं कुठलं आमास्नी कळतंय. फोटोनं घात केला. मी एवढा चांगला काढायला नको व्हता, असं अक्का मला तोंडावर म्हणाली. फोटो चांगला आला म्हणून शिव्या खाणारा अख्ख्या कोल्हापुरात मी एकटाच असणार!

मग मी आणि सयाजी एसटीत बसून गडहिंग्लजला गेलो आणि पोराच्या बापाचे पाय धरले. सोमशेखर आप्पा. उंच, वाळका, बोलणं तुटक, अर्धं मराठी अर्धं कानडी. म्हणालो, "आप्पा, एकदा डोळ्यानं बघा. मग न्हाय म्हणा." त्यांनी आमचे हात सोडवले आणि गोठ्याकडं निघून गेले. पण पुढच्या सोमवारी सकाळी एसटीनं आले, तडक गोदामात. घरी पाणीसुदीक घेतलं न्हाय.

अण्णा त्यांच्या पुढं चालत व्हता. मागं आम्ही, आमच्या मागं अक्का, पोत्यांच्या थप्पीआड भूमिका. गोदामाच्या टोकाला, उन्हाच्या काठ्यांच्या पलीकडं गवा उभा. आप्पा दारातनं आत आले आणि गपकन थांबले. एक पाऊल मागं घेतलं. हात गळ्यातल्या डबीवर गेला. मला वाटलं, संपलं, आता हे असेच पाठ फिरवून जाणार.

पण ते पुढं गेले. हळू, जनावराच्या पुढ्यात जातात तसं, बाजूनं. पाठीवर हात ठेवला. दाबलं. पाचट करकरलं. मग खाली वाकून पोटाखाली बघितलं आणि तसेच वाकून राहिले. पोटाला जे पोतं लावलं व्हतं त्यावर बिद्रीच्या साखर कारखान्याचा निळा शिक्का, उलटा. आप्पानं तो मान वाकडी करून वाचला. आणि खाली वाकल्या वाकल्याच खो खो हसाय लागले.

अक्कानं पदरात तोंड घातलं. भूमिका थप्पीवर डोकं टेकून तशीच उभी राहिली.

आप्पा सरळ झाले, डोळे पुसले आणि गव्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "कान चुकलेत. एवढे वर नसत्यात. आणि मान अशी धरत न्हाय तो. जरा खाली, रुसल्यासारखी."

अण्णा एकदम ताठ झाला. "तुम्ही... बघितलाय?"

"बघितलाय म्हंजे? उसात येतोय की आमच्या! थंडीच्या दिवसात, सकाळी सकाळी."

"हौद?" अण्णा कानडीवर आला. खरंच का, म्हणून विचारतोय. आणि मग जो सुरू झाला! कसा येतो, आवाज येतो का, उभा राहिला की काय करतो, डोळा कसा, माणसाकडं बघितलं तर कसं बघतो. पोरीचं लगीन मोडलंय, व्याही दारात उभे हाईत, सगळं विसरला. अक्का मागनं खुणा करत्या, खाकरत्या, शेवटी कपाळावर हात मारून घेतला. आप्पाबी रंगले. हातवारे करून, वाकून, गवा होऊन दाखवाय लागले. चहा आला आणि गार झाला.

शेवटी आप्पाच म्हणाले, "अहो, पोरगी देताय का न्हाय तेवढं सांगा, मग गव्याचं बोलू."

"दिली की," अण्णा घाईनं म्हणाला, "पण तो पाण्यावर येतो तवा..."

लगीन झालं. आप्पांनी मानपान काही घेतला न्हाय. एवढंच मागितलं, की गवा आमास्नी द्या. रानडुकरं ऊस लोळवत्यात, ह्याला बांधावर उभा करू. अण्णानं कान उसवून खाली शिवले, मान रुसल्यासारखी केली, आणि नवरीच्या सामानाच्या टेंपोत कपाटाशेजारी गवा चढला. टेंपोत मी आणि अण्णा गव्याला धरून बसलतो. मुरगूडात चहाला थांबलो तर अर्धं गाव गोळा झालं. एकानं विचारलं, "पावणं, काय खातोय हो?" अण्णा म्हणाला, "न्हाय, उपास हाय त्याचा." आणि परत चढून गव्याच्या मानेला हात लावून बसला. पोरगी सासरी निघाल्याचं त्याला वाईट वाटत व्हतं, पण तोंडावर दिसत व्हतं ते वेगळंच. माझा गवा गव्याच्या मुलखात निघालाय, असं मला दोनदा म्हणाला.

त्यानंतर अण्णाचं दाजीपूर सुटलं आणि दर थंडीत लेकीकडं जाणं सुरू झालं. पहाटं उठून दोघं व्याही बांधावर घोंगडं पांघरून बसायचे. समोर उसाचा फड, मधी पोत्याचा गवा, सगळीकडं धुकं. अण्णा असंपातूर गवा काही यायचा न्हाय. कोल्हापूरला परत आला की आप्पांचा फोन, "अहो, आज आलता की!" अण्णाला पहिल्यांदा राग यायचा. पुढं पुढं तो नुस्तं "हौद?" म्हणायचा आणि फोन ठेवून बराच वेळ पोती शिवत बसायचा.

वर्षं अशीच गेली. बारदानाचा धंदा बसला, प्लॅस्टिकची पोती आली. गोदामात पोत्यांच्या थप्प्या कमी झाल्या, उन्हाच्या काठ्या तेवढ्या राहिल्या. सयाजीचे हात थरथराय लागले, बाण कुणी फारसा मारायचा न्हाय. पण रविवार चुकला न्हाय. भिंतीखाली बसायचं, अण्णानं जुनीच सांबराची गोष्ट सांगायची, आम्ही व्हय म्हणायचं. बांधावरचा गवाबी ऊन-पावसानं झिजला. भूमिका दर दिवाळीला त्याला नवीन पोत्याचं ठिगळ लावायची, चुना मारायची. तिची पोरं त्याच्या पायात खेळत मोठी झाली.

एका थंडीत अण्णा निघाला तवा मी त्याच्या हातात साधा रोलचा कॅमेरा दिला. तवर डिजिटल आलते, पण ते त्याला जमलं नसतं. म्हणालो, "नुस्तं हे बटण दाबायचं. बाकी काही न्हाय." त्यानं तो कॅमेरा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, पूजेच्या सामानाजवळ.

आठवड्यानं परत आला. दुकानात शिरला, रोल काउंटरवर ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरलो.

रोल धुतला. एकच फोटो काढलेला. निगेटिव्ह सगळी काळीकुट्ट, म्हंजे फोटो पांढरा. मी कागदावर काढून बघितला, उजेड कमी करून बघितला, जास्त करून बघितला. पांढरा. कोपऱ्यापास्नं कोपऱ्यापातूर नुस्तं धुकं. एक रेघ न्हाय. ह्या धंद्यात मी एवढी वर्षं काढली. कागदावर नसलेलं मला दिसत न्हाय. देवा, म्हणालो, एवढं एक तरी उमटायचं व्हतं की रे! त्या अंधाऱ्या खोलीत मला रडू आलं.

रविवारी गोदामात गेलो. सगळे जमलते. मी पाकीट अण्णाच्या हातात दिलं. त्यानं फोटो काढला, मांडीवर ठेवला आणि बघत राहिला. मग म्हणाला, "आज मी सांगतो. माझी."

आम्ही सावरून बसलो. एवढ्या वर्षांची गोष्ट, आता अण्णा काय रंगवतोय!

"आप्पा मोटर चालू करायला गेलते," अण्णा म्हणाला. "मी एकटाच व्हतो."

"व्हय."

"आला."

आम्ही थांबलो.

"माझ्या गव्यापाशी आला. त्याला हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं." अण्णानं तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यभर ज्याला कधी शब्द कमी पडला न्हाय तो माणूस नुस्ता हात हालवत व्हता. "मग गेला."

झालं. एवढीच. सयाजीचीच गोष्ट की! आलं, मारलं, पडलं. त्यापेक्षाबी वाईट. अण्णानं फोटो उचलला आणि सयाजीच्या हातात दिला.

सयाजीनं डोळ्याजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. मी त्याच्याकडं बघितलं. मनात म्हणालो, ह्यानं आता तोंड वाकडं केलं तर ह्याला हितंच हाणतो. सयाजीनं फोटो खाली ठेवला, आणि ज्या आवाजात तो सांबराच्या गोष्टीला म्हणायचा त्याच बारीक आवाजात म्हणाला, "व्हय."

फोटो पुढं गेला. एकानं घेतला, बघितला. व्हय. दुसऱ्यानं. व्हय. चष्मा लावून, चष्मा काढून. व्हय. कुणी हसलं न्हाय. अण्णा सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत व्हता, परीक्षेला बसलेल्या पोरागत. शेवटी माझ्या हातात आला.

मी तो फोटो धुतलेला. त्यात काय हाय आणि काय न्हाय हे माझ्याइतकं कुणाला ठावं? पण त्या उजेडात मी बघत राहिलो. पत्र्याच्या भोकातनं ऊन त्या पांढऱ्या कागदावर पडलं व्हतं, त्यात धूळ तरंगत व्हती, आणि अण्णाचा श्वास मला ऐकू येत व्हता. गव्याचं ते येणं, हुंगणं, बघणं, जाणं. मी म्हणालो, "व्हय अण्णा. व्हय." आणि देवाशप्पथ सांगतो, रीत म्हणून म्हणालो न्हाय.

मग मी उठलो. भिंतीवर मधोमध जागा व्हती, कितीतरी वर्षं कुणी न सांगता रिकामी ठेवलेली. तिथं चार टाचण्या मारून फोटो लावला आणि मागं सरलो.

अण्णा थप्पीवरनं उठला. भिंतीजवळ गेला, डोळे बारीक करून बघितलं, मान जराशी कलती केली.

"कृष्णा," म्हणाला, "वाकडा लागलाय रे. उजवं शिंग खाली जातंय."

मी टाचण्या काढल्या आणि सरळ केला.